दंडाचा हिशेब

इथून, माटुंग्यातून, वडाळा किती लांब? किंग्ज सर्कलहून हार्बरने एकच स्टेशन. तिथलं सिद्धार्थ विहार वसतिगृह १९७२ साली दलित पँथरच्या पोरांचा अड्डा होतं. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या ‘साधना’त राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ आला नि गदारोळ उठला, तो राष्ट्रध्वजाविषयीच्या शब्दांवरून. आम्हांला विचाराल तर लेख अर्धाच वाचला गेला. शब्द जहाल आहेतच, वादच नाही. पण लेखाची धार हिशेबात आहे. ध्वजाच्या अपमानाला दंड किती, आणि दलित बाईच्या विटंबनेला किती? ढाले दोन्ही आकडे शेजारी ठेवतात. भाषेवर बोलणं सोपं होतं, म्हणून सगळे भाषेवर बोलले. आकडे तसेच राहिले.