जयवंत दळवी : वार्ताहराची दृष्टी आणि नाटककाराचा संयम

जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांना पत्रकार, कादंबरीकार आणि नाटककार अशा तीन कप्प्यांत विभागणे सोपे आहे. परंतु त्यामुळे या तिन्ही भूमिकांना जोडणारे सूत्र दृष्टीआड होते. ‘प्रभात’ व ‘लोकसत्ता’ या दैनिकांत काम केलेल्या या लेखकाच्या ठायी, पाहिलेले सांगावे पण निकाल देऊ नये, ही वार्ताहराची शिस्त खोल मुरलेली होती. निकाल देण्याची हौस त्यांनी ‘ललित’मध्ये ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने भागवून घेतली.

‘चक्र’ (१९६३) या कादंबरीत झोपडपट्टीतील अम्मा व बेनवा यांचे जीवन येते, ते याच शिस्तीने. लेखक त्यांच्यासाठी कणव मागत नाही, त्यांना दोषही देत नाही.

रंगभूमीवर निवेदक नसतो. तेथे ही तटस्थता टिकावी कशी? ‘संध्याछाया’त (१९७३) एक मुलगा परदेशी रमतो, दुसरा सैन्यात मृत्यू पावतो, आणि नाना-नानी एकाकी उरतात, पण दोषी असा कोणीच नाही. ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून सिद्ध झालेल्या ‘बॅरिस्टर’मध्ये (१९७७) विधवा राधाक्काच्या केशवपनाला विरोध करणारे रावसाहेब घराण्यातील वेडाच्या सावटापुढे मात्र असहाय ठरतात. सुधारकच दुर्बळ असल्यामुळे नाटकाला प्रचाराचा स्पर्श होत नाही. त्याची शोकात्मता येथेच आहे.

‘पुरुष’मध्ये हा संयम सुटतो. गुलाबरावाच्या रूपाने खलपुरुष अवतरतो आणि अंबिका त्याला स्वतःच शिक्षा करते. बलात्कारासारख्या अत्याचारापुढे तटस्थ राहणे ही पळवाटच ठरली असती, असे यावर म्हणता येईल. आणि हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. तथापि शिक्षेचा प्रसंग प्रेक्षकाला समाधान देऊन मोकळे करतो. अंबिकेच्या ध्येयवादी शिक्षक पित्याची हतबलता मात्र त्याला मोकळे करीत नाही. आपल्या सज्जनपणाचा येथे काय उपयोग, हा त्या पित्यापुढचा प्रश्न प्रेक्षकाचाही होतो.

दळवींचे नाट्यसामर्थ्य शिक्षा सुनावण्यात नाही; पुरावा समोर ठेवून न्यायासन रिकामे सोडण्यात आहे. त्या रिकाम्या आसनावर प्रेक्षकाला स्वतःच बसावे लागते.