एफ मायनरमधील मिस्सा आणि तिचे टीकाकार

लॉस एंजेलिसच्या 'इलेक्ट्रिक प्रून्स' या रॉक वाद्यवृंदाच्या नावावर जानेवारी १९६८ मध्ये 'मास इन एफ मायनर' ही तबकडी निघाली. मिस्सेचे लॅटिन शब्द, 'किरिए'चे ग्रीक शब्द, तंतुवाद्यांचा व हॉर्नचा ताफा आणि त्यांवर मुद्दाम कर्कश केलेल्या विद्युत गिटारी, असा तिचा घाट आहे. श्रोत्याला गुंगीच्या सीमेवर नेऊ पाहणाऱ्या 'सायकेडेलिक' संगीताच्या इतिहासात तिचा उल्लेख होतो, पण तो बहुधा थोडे हसू दाबून. या हसण्याविषयीच आम्हांला बोलावयाचे आहे.

टीकाकारांचा एक आक्षेप असा की, ही तबकडी मुळात त्या वाद्यवृंदाची नाहीच. वस्तुस्थिती बरीचशी तशी आहे. संगीत डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉड यांनी रचले. त्यांची लिखित स्वररचना त्या तरुणांना वेळेत पेलेना, तेव्हा निर्माते डेव्ह हॅसिंजर यांनी कॅनडाचा 'कलेक्टर्स' हा वाद्यवृंद व स्टुडिओतील व्यावसायिक वादक आणून काम तडीस नेले. रॉकच्या जगात हे मोठे पाप. तेथे गाणाऱ्याने आपलेच मन आपल्याच शब्दांत मांडावे, अशी अपेक्षा असते. मिस्सेला मात्र हा न्याय लागू नाही. ग्रेगोरियन गानातील बहुतेक चाली कोणी बांधल्या, हे कोणास ठाऊक आहे? ते शब्द गाणाऱ्याचे नसतातच. पिढ्यान्‌पिढ्या ते उसने घेतले जातात. त्यामुळे वादक भाडोत्री होते म्हणून आम्ही ही तबकडी बाजूला ठेवणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो: गंभीर शब्दांचा येथे केवळ साज केला आहे, हा निव्वळ डौल आहे. 'ग्लोरिया' ऐकताना हे मान्य करावे लागते. शब्द जेमतेम उच्चारले जातात आणि गिटार मैदान मारून नेते. स्तुती कोणाची चालली आहे, याचा विसर पडतो. 'क्रेदो'मध्येही श्रद्धेचा एकेक सिद्धांत ओघात वाहून जातो. सबंध तबकडी जेमतेम अर्ध्या तासाची; तिला सवड नव्हती असे म्हणावे, तर गिटारीला ती होती!

पण 'किरिए'? येथे आम्ही टीकाकारांची साथ सोडतो. मंद पावलांनी येणारी ती याचना, तिच्यामागे विव्हळणारी गिटार. दयेची भीक नेहमी गोड स्वरातच मागावी असे थोडेच आहे? १९६९ च्या 'ईझी रायडर' या चित्रपटात हाच भाग न्यू ऑर्लिन्सच्या प्रसंगांत योजला आहे. मित्राच्या हत्येनंतर नायक वेश्यागृहाकडे वळतात, तेथे. पवित्र शब्दांची ही विटंबना आहे, असे कोणा भाविकास वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. जकातदार मंदिरात दूर उभा राहून जे मागत होता, ते दुसरे काय होते?

काळाचा योगही विलक्षण. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि जगभरच्या चर्चमधून लॅटिन झपाट्याने मागे पडू लागली. नेमक्या त्याच वर्षांत कॅलिफोर्नियाच्या स्टुडिओत ती नव्याने गायिली जात होती. आम्ही माळ्यावर टाकलेली झूल कोणी अंगणात नाचवावी, तसे हे झाले.

तथापि या मिस्सेत एक उणीव आहे आणि समीक्षक तिचे नावही घेत नाहीत. येथे प्रतिसाद देणारे लोक नाहीत. 'किरिए' हा मूळचा संवाद. एकाने म्हणावे, मंडळीने उत्तर द्यावे. ध्वनिफितीवर ध्वनिफीत चढवून केलेल्या कलाकृतीत मंडळी कोठून येणार? सांता मोनिका येथील रंगमंचावर ही मिस्सा सादर करण्याचा प्रयत्न झाला, तोही फसला. वादकांचे लिखित स्वरांशी जुळेना. मूळ मंडळी पुढे पांगली. त्याच वर्षी ज्यू प्रार्थनांवर आधारलेली 'रिलीज ऑफ अ‍ॅन ओथ' त्यांच्या नावावर निघाली, त्यांच्या फारशा सहभागाविना.

१९९० च्या दशकात हिप-हॉपच्या संगीतकारांनी अ‍ॅक्सेलरॉड यांच्या तबकड्यांतील तुकडे उचलले आणि त्यांच्या नावाला नवी झळाळी आली. २०१७ मध्ये ते निवर्तले. आता स्तुतीही होते. तीदेखील ठेक्याची व तालाची, शब्दांची क्वचितच.

केवळ लौकिक संगीताचीच म्हणून ओळखली जाणारी वाद्ये उपासनेत नकोत, असे ५ मार्च १९६७ च्या 'मुसिकाम साक्राम' या आदेशपत्रात म्हटले आहे. गिटार त्यात मोडते की नाही, यावर गायनवृंदातील तरुण आमच्याशी हुज्जत घालतात. त्यांना आम्ही ही 'किरिए' जरूर ऐकवू, तीही दिवे मालवून. वेदीपाशी ती वाजवू देणार नाही. 'ग्लोरिया' त्यांनी आपापल्या घरी ऐकावी.