मानवोत्तराचा प्रश्न आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रे

मानवोत्तर अवस्थेची चर्चा निघाली की पोलादी देह आणि संगणकीय मेंदू यांचीच कल्पना प्रथम मनात येते. बैजू पार्थन यांच्यासारख्या मुंबईच्या चित्रकाराने तर देह आणि संगणकीय संकेत यांची सरमिसळ उघडपणे आपला विषय केली. परंतु यंत्रमानवाचा मागमूसही नसलेल्या सुधीर पटवर्धनांच्या चित्रांत हाच प्रश्न अधिक खोलवर भिडतो.

पटवर्धन (जन्म १९४९) यांनी १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. हा केवळ चरित्राचा तपशील नव्हे. साधनाच्या साहाय्याने मानवाकृती घडविणे जुनेच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील सातवाहनकालीन मूर्तिका दुहेरी साच्यांतूनच काढल्या जात. पण साचा देहाला बाह्याकार देतो, तर क्ष-किरण कातडी, मांस आणि चेहरा वगळून देहाची छाया तेवढी ठेवतात. रुग्णाची ओळख फिल्मच्या कोपऱ्यातील क्रमांकापुरती उरते. अशा छाया वाचण्याचा व्यवसाय करणाऱ्या पटवर्धनांनी कॅनव्हासवर मात्र यंत्राने वगळलेलेच रंगविले. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) मधील बसलेल्या माणसाचे वजन डोळ्यांना जाणवते. ही जडता शरीरशास्त्राच्या अभ्यासातून आली, असे म्हणणे सोपे आहे, आणि अपुरेही. वस्तुतः तो यंत्राच्या दृष्टीला दिलेला नकार आहे.

त्या नकाराची कसोटी ‘लोअर परळ’ (२००१) मध्ये लागते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. पुढील काळात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्र माणसाला निरुपयोगी करील, ही यंत्रयुगाची नेहमीची भीती. गिरणगावात यंत्रच आधी निघून गेले आणि त्याच्या तालावर घडलेला देह मागे राहिला. मराठी प्रदेशाला मानवोत्तराचा अनुभव आला तो या उलट्या क्रमाने, आणि भविष्यकथांच्या पुष्कळ आधी.

मात्र या चित्रात शहर विस्तारते आणि माणूस लहान होतो. दुरून पाहणारी ही नजर यंत्राच्या नजरेजवळ जाते; पूर्वीच्या आकृतींचे वजन येथे कोणालाच पुरेसे लाभत नाही. ही उणीव चित्रकाराच्या दृष्टीची की त्याच्यासमोरच्या वस्तुस्थितीची, हे चित्र ठरवू देत नाही.