परसंस्कृती आणि बालप्रेक्षक

झांशी जिल्ह्यातील चिरगाव हे मैथिलीशरण गुप्त (१८८६–१९६४) यांचे जन्मगाव. त्यांच्या 'यशोधरा' या काव्यात राहुल आईजवळ गोष्टीचा हट्ट धरतो. ती त्याला बाणाने विद्ध झालेल्या पक्ष्याची कथा सांगते. परंतु पक्ष्यावर हक्क मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, याचा निर्णय ती राहुलवरच सोपवते. बालकासमोर अपरिचित अनुभव ठेवणाऱ्या कोणत्याही कलेला, म्हणूनच दूरदर्शनच्या बालकार्यक्रमांनाही, ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.

विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' हा फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ मधील लघुपट दूरदर्शनवरून वारंवार दाखवला गेला. त्याचा आरंभ मुलाच्या प्रश्नातून होतो, आणि त्याच्या यशाचे मर्मही तेथेच आहे. जाळ्यासह उडून जाणाऱ्या पक्ष्यांची जुनी कथा मुलांना सहज पटते. मात्र कथा संपून देशाच्या विविधतेचे गीत सुरू झाले की प्रश्न थांबतात. वेष आणि भाषा अनेक आहेत, हे मूल ऐकते; त्या अनेकांपैकी एकाच्याही घरात मात्र त्याचे पाऊल पडत नाही. भेटीपूर्वीच ऐक्याचा निष्कर्ष हाती येतो. हेतू उदात्त असला तरी येथे निर्णय मुलावर सोपवलेला नाही, हे मान्य केले पाहिजे.

याच्या उलट टोकाला 'जंगल बुक' ही जपानी चित्रमालिका आहे. किपलिंगने आपली कथा सिवनीच्या अरण्यात रचली. ती इंग्रजीतून जपानी चित्रांत गेली आणि १९९०नंतरच्या दशकात हिंदी बोलत दूरदर्शनवर परतली. गुलजारांचे शीर्षकगीत आणि शेरखानाला लाभलेला नाना पाटेकरांचा आवाज यांमुळे ती इतकी आपली झाली की, तिच्यात एक इंग्रज लेखक आणि एक जपानी चित्रशाळा आहे, याची जाणीवच मुलांना उरली नाही. रसिकतेच्या दृष्टीने हे यश होय. पण परसंस्कृतीच्या परिचयाच्या दृष्टीने ती हातची गेलेली संधी होय.

वस्तुतः याचे उत्तर चिरगावातच होते. मायकेल मधुसूदन दत्त यांचे 'मेघनाद-वध' बंगालीतून हिंदीत आणताना गुप्तांनी स्वतःचे नाव 'मधुप' या टोपणनावाआड ठेवले. मूळ कवी पुढे, भाषांतरकार मागे. ध्वन्यंतरित चित्रमालिकेत हा क्रम उलटतो. तेथे आणणाऱ्याचा आवाज उरतो आणि ज्याचे आणले तो अदृश्य होतो.

परक्याला आपल्या भाषेत बोलते करणे हे भाषांतराचे अर्धेच काम आहे. तो परका आहे, हे ठाऊक असूनही त्याच्याविषयी आस्था वाटणे, हे उरलेले अर्धे. मुलांना हे पेलणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. राहुल लहान असूनही त्याने निर्णय दिला. कारण त्याला तो विचारला गेला होता.