‘पुस्तकातलं सगळं आलं का?’

सुजय डहाके यांचा कृष्णधवल ‘श्यामची आई’ (2023) पाहून बाहेर पडताना माझ्या कानावर दोनच प्रश्न आले. पुस्तकातलं सगळं आलं का? आणि 1953च्या अत्र्यांच्या चित्रपटाची सर याला आहे का? कुणी धोब्याकडून आलेल्या कपड्यांची यादी ताडून पाहावी, तसं चाललं होतं. साहित्यकृतीवरच्या चित्रपटाकडे पाहायची आपली ही सवय जुनी आहे, आणि ती साफ चुकीची आहे.

यादीच ताडायची तर ‘सिंहासन’ची ताडा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा काढली. म्हणजे किती गाळलं असेल! तरीही जब्बार पटेलांचा 1979चा हा चित्रपट नखशिखांत साधूंचा वाटतो. एक निनावी फोन येतो आणि आपल्याच माणसांत कट शिजतोय हे मुख्यमंत्र्यांना कळतं. तिथून पुढे अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री प्रत्येकाशी गोड बोलता बोलता त्याला जोखत राहतो. साधू जे हिशेब लिहून दाखवतात, ते सरनाईक आणि श्रीराम लागू नजरेने मांडतात. शेवटी खुर्चीचा तिढा सुटतो, आणि सगळं जवळून पाहिलेला निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. कादंबरी मिटल्यावर जी हतबलता मनात साचते, ती सगळी त्या हसण्यात आहे. हे रूपांतर. मूळ लेखकाला जिथे दुखलं, तिथेच बोट ठेवणारं.

‘बनगरवाडी’त (1995) अमोल पालेकरांनी गाव उठून जाताना दाखवलं, त्यावर कसलीही फुंकर घातली नाही. ‘शाळा’त जोशीची मनातली बडबड, म्हणजे बोकिलांच्या कादंबरीचा प्राणच, पडद्यावर निम्मी उरली; पण त्याला आवडणारी शिरोडकर गेल्यानंतरचं रितेपण याच डहाक्यांनी भरून काढलं नाही, हे महत्त्वाचं. ‘दुनियादारी’ने शिरवळकरांचा कट्टा गाण्यांत बुडवला, एवढं म्हटलं की पुरे.

माझं खरं भांडण ‘नटरंग’शी आहे. अतुल कुलकर्णींनी गुणासाठी शरीर पणाला लावलं, अजय-अतुलच्या लावण्या अजून वाजतात, ते सगळं मान्य. राजाच्या भूमिकेची स्वप्नं पाहणारा हा पिळदार मजूर, नाच्या व्हायला कुणीच तयार नाही म्हणून, स्वतःच नाच्या होतो आणि त्यापायी घर, अब्रू, सगळं गमावतो. आनंद यादवांनी ही जखम उघडी ठेवली. चित्रपटाने तिच्यावर जीवनगौरव पुरस्काराची पट्टी बांधली. गुणाला चिरडणाऱ्या समाजानेच शेवटी टाळ्या वाजवायच्या, आणि आपणही त्या टाळ्यांत सामील होऊन हलक्या मनाने घरी जायचं! आपण गुणाचे अपराधी आहोत, हे कळायच्या आतच आपली सुटका होते.

शेवट बदलू नये असं मी म्हणत नाही. प्रसंग गाळा, पात्रं जोडा, दोन कादंबऱ्यांची एक करा. पण प्रेक्षकाला सांभाळून घेण्यासाठी एक ओळही बदलू नका. कादंबरी वाचायला आठ दिवस लागतात. त्या आठ दिवसांत तिने आपल्याला जे अस्वस्थ केलेलं असतं, ते शेवटच्या पाच मिनिटांत पुसून टाकायचा हक्क कुठल्याही दिग्दर्शकाला नाही.

आणि आपणही बाहेर पडताना प्रश्न बदलूया. वाचताना मी जिथे अडखळलो होतो, तिथे या चित्रपटाने मला थांबवलं, की हात धरून पुढे नेलं?