जोसेफ ह्यूम : 'लोकांचा खासदार' की हिशेबनीस?

मंडळी, ह्यूम म्हटलं की आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्यांना डेव्हिड ह्यूम आठवतो. आजचा ह्यूम तो नव्हे. हा जोसेफ, जन्म 1777, स्कॉटलंडमधल्या माँट्रोजचा. काँग्रेसच्या संस्थापकांतले ए. ओ. ह्यूम यांचे हे वडील.

ह्युच आणि झीग्लर यांनी 1985 साली लिहिलेल्या चरित्रात त्यांना 'लोकांचा खासदार' ही पदवी थेट शीर्षकातच दिलेली आहे. आम्हाला ती निम्मीच पटते.

पटते ती अशी. बाप लहानपणीच गेलेला, आई मातीची भांडी विकून घर चालवणारी. तिचा हा मुलगा पुढे संसदेत सरकारी खर्चाच्या रकमा एकेक करून तपासत बसायचा. सभागृह कंटाळायचं, हसायचं. हा हटत नसे. कामगारांच्या संघटना बेकायदा ठरवणारे कायदे 1824 साली रद्द झाले, त्यात फ्रान्सिस प्लेसबरोबर याचाच मोठा वाटा. पण कारखान्यातल्या कामाचे तास कायद्यानं बांधून द्यायला मात्र यांचा विरोध! याला दुटप्पीपणा म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. तत्त्व एकच होतं : सौद्यात सरकारनं हात घालू नये. त्या तत्त्वानं मजुराला संघटना दिली आणि त्याच तत्त्वानं विश्रांती नाकारली. तत्त्वाला दोन धारा असतात, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

आता वहीचं पहिलं पान. हे गृहस्थ कंपनीच्या लष्करात डॉक्टर होते. देशी भाषा शिकले, म्हणून दुभाष्याचं काम मिळालं. पगारवाटप आणि टपालही हाती आलं. लॉर्ड लेकच्या मराठ्यांवरच्या मोहिमेआधी दारूगोळ्याची दारू ओलसर निघाली, ती वापरण्याजोगी करण्याची युक्ती या रसायन जाणणाऱ्या डॉक्टरची. ती दारू शिंद्यांच्या फौजेवर उडायची होती, हे आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये. सुमारे 40,000 पौंड घेऊन ते मायदेशी परतले आणि 1812 साली वेमथची जागा चक्क विकत घेऊन संसदेत बसले. इंग्रज करदात्याच्या पै-पैचा हिशेब मागणाऱ्यानं या चाळीस हजारांची जमा कुठल्या खात्यावर धरली असेल? 1824 च्या ग्रीक कर्जरोख्यांचा भाव पडला तेव्हा आपला तोटा ग्रीक प्रतिनिधींकडून भरून घेतला, तोही हाच माणूस.

एवढं बोलून आम्ही निकाल देऊन टाकला असता. पण 1831 चा ऑगस्ट आडवा येतो. सुधारणा विधेयकाच्या चर्चेत ह्यूमनी सुचवलं की वसाहतींनाही संसदेत प्रतिनिधी असावेत. एकूण 19, त्यांतले 4 हिंदुस्थानचे. चारच, हो. पण ज्या सभागृहात हिंदुस्थान म्हणजे केवळ जमेची बाजू होती, तिथे त्या देशासाठी खुर्ची मागणारा हाच, शिंद्यांवरची दारू सुकवणारा. सूचना मतविभागणीपर्यंतसुद्धा पोचली नाही.