किशोरांची कादंबरी, प्रौढांची आठवण

2023 साली युनेस्कोने साहित्यनगरांच्या यादीत जी नवी नावे घातली, त्यांत केरळचे कोझिकोड होते आणि सौदी अरेबियाचे ताइफही. सरावत डोंगररांगेतले, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंचीवरचे हे शहर एरवी गुलाबाच्या अत्तरासाठी ओळखले जाते. पण याच परिसरात इस्लामपूर्व काळी उकाझचा बाजार भरे. तिथे कातड्याच्या तंबूत बसून नाबिगा हा कवी बाकीच्या कवींचा निवाडा करी, असे परंपरा सांगते. म्हणजे समीक्षेची गादी इथे जुनीच. त्या तंबूत आजची सौदी कादंबरी उभी केली आणि शेजारी आपली मराठी, तर किशोरवयाच्या बाबतीत दोघींची खोड एकच निघेल. दोघी पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांबद्दल लिहितात खऱ्या, पण ती पोरे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची असतात.

तुर्की अल-हमदची ‘अल-अदामा’ 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. तिच्यातला हिशाम दम्माम शहरात चोरून पुस्तके वाचतो, गुप्त राजकीय गटात ओढला जातो, आणि त्याच सुमारास देहाच्या ओढीनेही भांबावतो. काळ मात्र 1960च्या दशकाच्या अखेरीचा. बदरिया अल-बिशरने 2013 साली रियाधमधल्या अल-आशा रस्त्यावरच्या मुली रंगवल्या. त्या 1970च्या दशकातल्या. ताइफला 1975 पासून सरकारी आश्रयाचे साहित्य मंडळ आहे, पण मुलांच्या मनात खरोखर काय चालते ते सांगणाऱ्या सौदी कादंबऱ्या छापल्या गेल्या त्या बैरूत-लंडनच्या प्रकाशनांत. गोष्ट जुन्या काळात नेली की बंदीचा धाक थोडा सैल होतो, हे कारण समजण्यासारखे आहे. ‘अल-अदामा’वर बंदी आली ती आलीच, हा भाग वेगळा. अपवाद रजा अल-सानियाचा. 2005 साली ‘बनात अल-रियाध’ आली तेव्हा ती स्वतः पंचविशीच्या आत होती आणि लिहीत होती आपल्याच वयाच्या, आपल्याच काळातल्या मुलींबद्दल. किशोरवय नुकतेच ओलांडलेल्या त्या मुलींच्या गोष्टी एक निनावी निवेदिका दर शुक्रवारी ईमेलने पाठवते. गदारोळ झाला तो कादंबरीतल्या प्रेमप्रकरणांमुळे. माझ्या मते त्या गोष्टी कालपरवाच्या होत्या, हे जास्त झोंबले.

आपल्याला असा कुठला धाक होता? साने गुरुजींचा श्याम, प्रकाश नारायण संतांचा लंपन, मिलिंद बोकिलांचा मुकुंद जोशी: तिघांचे लेखक त्यांच्यापासून एकेका पिढीच्या अंतरावर. बोकिलांची ‘शाळा’ 2004 साली आली, ती सांगते आणीबाणीतल्या नववीच्या वर्गाची गोष्ट. मला ती अजूनही आपल्याकडची या वयावरची सर्वांत नेमकी कादंबरी वाटते. अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून चार पोरे वर्गातल्या मुलींचा हिशेब मांडतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यातला फुशारकीचा आणि भीतीचा ताळमेळ बोकिलांनी कुठेही चुकवलेला नाही. लंपनचे तर काय बोलावे! सीमाभागातली ती कानडी हेलाची मराठी संतांनी मुलाच्या तोंडात अशी बसवली, की मागे प्रौढ लेखक आहे हे विसरायला होते.

पण विसरायला होते एवढेच, तो असतोच. आठवणीतून लिहिलेल्या वास्तवात तपशील चोख येतो आणि धोका निघून जातो. सांगणारा त्यातून सुखरूप बाहेर पडलेला आहे हे वाचकाला ठाऊक असते. मग मार, नापासाचा शिक्का, घरची गरिबी, सगळ्यावर हळूहळू साय धरते. आणि या आठवणी बहुतेक मुलग्यांच्या. ‘शाळा’त जोशीला आवडणारी वर्गातली शिरोडकर आपल्याला त्याच्याच नजरेतून दिसते. जोशीबद्दल तिला नेमके काय वाटत होते, हे सांगणारी तितक्याच ताकदीची कादंबरी मराठीत अजून यायची आहे. मुलींच्या मनातले बोलणारे विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 सालचे, हे आठवले की ओशाळायला होते.

साय न धरलेले किशोरवय आपल्याकडे कादंबरीपेक्षा सिनेमात दिसले. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (2013) डुकराची कोंडी झालेली असते, तेवढ्यात शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. घरच्यांबरोबर डुक्कर धरायला आलेला शाळकरी जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात, आणि डुक्कर निसटते. शाळेने लावलेले वळण आणि जातीने लादलेले काम यांच्यात सापडलेल्या पोराची गत एवढ्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवली असेल. पुस्तकांत याच्या जवळ जाते ती नवनाथ गोरेंची ‘फेसाटी’. जत तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यातली ही कादंबरी 2017 साली आली, आणि पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तिची भाषा ओबडधोबड आहे, बांधणी काही ठिकाणी सैल आहे, पण निवेदक अजून संकटातच उभा आहे हे पानोपानी जाणवते. मला हा सैलपणा चालतो.

आजचा पंधरा वर्षांचा मुलगा कुठे आहे? तो लातुरात भाड्याच्या खोलीत राहून नीटची तयारी करतोय, मेसचा डबा खातोय, रात्री पांघरुणात मोबाइलवर कुणाशी तरी बोलतोय. त्याची बहीण गावी आहे, आणि तिच्या हातात मोबाइल द्यावा की नाही यावर घरात वाद चालू आहे. हे वास्तव पन्नाशीतल्या लेखकाला बाहेरून बघून लिहिता येणार नाही. आणि या मुलांनी आठवण म्हणून ते लिहायला घेईपर्यंत 2050 उजाडेल. अमेरिकेत एस. ई. हिंटनची ‘द आउटसायडर्स’ 1967 साली प्रसिद्ध झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आपल्याकडे दिवाळी अंकांची एवढी मोठी परंपरा असताना त्यांत विशीच्या आतली लेखणी शोधावी लागते. संपादकांनी यंदा बालपणीच्या आठवणींचा एक लेख कमी करावा, ती पाने एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीला द्यावीत, तिची भाषा फार घासूनपुसून काढू नये, आणि मानधन मोठ्यांइतकेच द्यावे.